मे महिन्यात टिकेल तेवढाच वेग

प्रश्न : माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे व्हिडिओ ज्या पीसीवर एडिट करतो त्यात इंटेलचा आय५-२५००के प्रोसेसर, झेड६८ चिपसेटचा मदरबोर्ड आणि ८ जीबी रॅम आहे. कूलर प्रोसेसरसोबत आलेलाच. ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवून, हा ५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, असं पुतण्या म्हणतो. करू का? जळणार तर नाही?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : पुतण्याला म्हणावं, ५ चा नाद सोड. ४.२ वर थांबायची तयारी असेल तर पुढचं वाचा.

तुमचा प्रोसेसर जानेवारी २०११ चा. नावातला 'के' म्हणजे मल्टिप्लायरला, म्हणजे वेग ठरवणाऱ्या गुणकाला, कुलूप नाही. मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचं, त्याला ३३ ने गुणलं की ३.३ गिगाहर्ट्झ. आपण वाढवायचा तो ३३ चा आकडा. १०० ला हात लावायचा नाही, कारण या पिढीत साटा (हार्ड डिस्कची जोडणी), यूएसबी वगैरे मंडळी त्याच घड्याळाला बांधलेली आहेत. ते पुढे ढकललंत तर प्रोसेसर राहील बाजूला आणि हार्ड डिस्कवरचं कुणाचं तरी लग्न खराब होईल.

आता हिशेब. रेंडर करताना, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार करून घेताना, चारही कोअर कामाला लागले की हा प्रोसेसर ३.४ वर चालतो. तो ४.२ वर नेला तर तासाभराचं रेंडर फार तर ४९ मिनिटांवर येईल. त्यासाठी व्होल्टेज समजा १.२० वरून १.२८ केलं, तर उष्णता मात्र ४० टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. जळण्याची भीती असते ती व्होल्टेजच्या आकड्यामुळे. नुसता वेग वाढवल्यानं फार तर मशीन हँग होतं.

मी अकोल्यात रिपेअरिंग करतो. एका जानेवारीत एका गिऱ्हाइकाचं मशीन मी ४.५ वर बसवून दिलं. रात्रभर टेस्ट चालवली, तापमान ६८ च्या वर गेलं नाही, मीही खूश. मे महिन्यात तोच माणूस कॅबिनेट स्कूटरच्या पायापाशी ठेवून दारात हजर. दुपारी दोन वाजले की निळी स्क्रीन! चूक माझीच होती. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. २२ अंशांच्या खोलीत ६८, म्हणजे खोलीच्या ४६ वर. खोलीच ४० ची झाली की ८६, वर आत धूळ. तेव्हापासून माझा नियम असा, की थंडीत टेस्ट केली तर ६५ च्या वर जाऊ द्यायचं नाही. तुमचा बार्शीचा उन्हाळाही काही कमी नाही.

म्हणून आधी कूलर बदला. चार पिनांवर दाबून बसवलेला तो गोल कूलर मूळ वेगापुरताच आहे. १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर घ्या. तुमच्या ११५५ सॉकेटची भोकं ११५१ आणि १२०० सारखीच असल्यानं आजही दुकानात मिळणारा बसेल, फक्त कॅबिनेटची रुंदी मोजून जा. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल, ती पुसून मधोमध वाटाण्याएवढी नवी लावा. एका बाबतीत नशीबवान आहात : या पिढीत चिप आणि वरचं झाकण यांच्यामध्ये सोल्डर आहे, त्यातून उष्णता लवकर बाहेर पडते. पुढच्याच पिढीत तिथे पेस्ट आली.

मग एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. स्टिकरवर ५०० वॉट लिहिलेला, पण हातात घेतल्यावर खोक्यासारखा हलका लागणारा असेल तर ओव्हरक्लॉक विसरा. प्रोसेसरजवळचा १२ व्होल्टचा कनेक्टर उपसून बघा. प्लास्टिक तपकिरी पडलं असेल, तर तिथेच थांबा.

हे सगळं ठीक असेल तर डेटाचा बॅकअप घ्या आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जा. व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नका, बोर्ड गरजेपेक्षा जास्तच ओततो. १.२५ ठेवा, मल्टिप्लायर ३८ करा. अर्धा तास प्राइम९५ हा प्रोसेसरला पूर्ण राबवणारा टेस्ट प्रोग्राम चालवा, नजर तापमानावर. मग ३९, मग ४०, असं एकेकच करत ४२ पर्यंत. अडखळला तर व्होल्टेज ०.०१ ने वाढवा. १.३२ च्या पुढे मी जात नाही. चालूच झाला नाही तर घाबरू नका : प्लग काढा, बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं काढून परत लावा, सगळं मूळपदावर येतं. शेवटची परीक्षा प्राइमची नाही. एखादं जुनं लग्न पूर्ण रेंडर करा, तेही भर दुपारी, खोलीचा पंखा बंद ठेवून.

प्रश्न : माझ्याकडे आय५-२४०० आणि एच६१ बोर्ड आहे. मलाही असंच करता येईल?
– एक विद्यार्थी, चंद्रपूर

उत्तर : नाही. प्रोसेसरला 'के' नाही आणि एच६१ बोर्ड मल्टिप्लायर वाढवूच देत नाही. कूलरचे पैसे एसएसडीत, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान चिपवाल्या डिस्कमध्ये, घाला. तुमच्या बोर्डाचा साटा जुना, ३ गिगाबिटचा आहे, म्हणून महागडी घेऊ नका. साधी २४० जीबीची पुरे.