वॉटर पंप घरी बदलायचा की गॅरेजला? २,८०० च्या मजुरीचा हिशेब

डिचोलीहून एका वाचकाने विचारलंय, आधी त्यांचा प्रश्न थोडक्यात सांगतो. २०१४ ची पेट्रोल वॅगन-आर आहे, कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, दर चार-पाच दिवसांनी खाली जातंय, गॅरेजवाल्याने बघून सांगितलं की ते कुलंट फिरवणारा वॉटर पंप गेला, ६,५०० होतील. पंप १,९००, बेल्ट ६००, कुलंट १,२०० आणि मजुरी २,८००. हे गृहस्थ कुंडईला एका कारखान्यात कामाला, हातात ३४,००० येतात, स्वतः बाईकने जातात, गाडी मुख्यतः आईसाठी, तिला महिन्यातून दोनदा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्यावं लागतं आणि पुढची तारीख येत्या गुरुवारची आहे. चार व्हिडिओ बघून त्यांनी ठरवत आणलंय की रविवारी पंप घरीच बदलायचा आणि २,८०० वाचवायचे. त्यात मेव्हणा सांगतोय की या गाडीत आता पैसे घालू नको, पोस्टातली आरडी मोड, डाउन पेमेंट भर आणि नवीन घे.

बाब, एक सांगतो, घरी काम करायची तुमची इच्छा मला आवडली आणि मी तुम्हाला थेट नाही म्हणणार नाही. पण तुम्ही जो आकडा धरून बसलाय ना, २,८००, तो मुळात वाचतच नाहीये.

तुम्हीच लिहिलंय की घरात पाने म्हणजे दोन-तीन रिंग पाने आणि एक पक्कड, बाकी सगळं विकत घ्यायचंय, सॉकेट सेट ३,२०० चा बघून ठेवलाय आणि टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना, २,६०० चा. त्यात गंज सोडवायचा स्प्रे, हातमोजे, कुलंट काढायला टब असे ५०० धरा. झाले ६,३००. सामान ३,७०० चं लागणारच, ते कोणीही काम केलं तरी. म्हणजे घरचं काम पडलं १०,००० ला आणि गॅरेजचं ६,५०० ला. हत्यारं पुढे उपयोगी पडतील हे खरं, पण गेल्या तीन वर्षांत गाडीवर स्वतः काय काम केलं असं मी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलं वायपर आणि बॅटरी, त्याला टॉर्क रेंच लागत नाही. तेव्हा हत्यारं उसनी मिळाली तरच हा विषय पुढे न्यायचा. आयटीआय केलेला मित्र, कारखान्यातला मेंटेनन्सचा फिटर, कोणीतरी असेलच तुमच्याकडे. उसनी मिळाली तर घरचा खर्च साधारण ४,००० आणि खरी बचत २,५००.

आता या २,५०० च्या समोर काय आहे ते बघा. पंपाचं काम चुकलं, आत हवा राहिली किंवा सांधा गळत राहिला आणि गाडी तशीच रस्त्यावर गेली तर इंजिन तापतं, हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग ॲल्युमिनियमचा असतो, तो वाकतो, त्याच्याखालचं हेड गॅस्केट जातं. ते काम तुमच्या गाडीला २५-३० हजारांच्या घरात जाऊ शकतं असं धरून चाला. पहिल्यांदाच काम करणाऱ्या माणसाची दहात एक वेळ अशी चूक होते असं धरलं, हा माझा अंदाज आहे, तुम्ही तुमचा धरा, तर ३०,००० चा दहावा भाग म्हणजे ३,०००. वाचतायत २,५००. म्हणजे चुकीची शक्यता कमी केली तरच घरचं काम फायद्याचं, तेव्हा २,८०० कसे वाचवू यापेक्षा ही शक्यता कशी कमी करू हे आधी विचारायला हवं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. २०१६ मध्ये बेळगावहून चोर्ला घाटातून येताना माझ्या गाडीचा काटा लालकडे गेला, संध्याकाळ झालेली, घरची मंडळी गाडीत, पाऊस, आणि मी म्हटलं केरी तर गाठू मग बघू. थांबलो असतो तर टोचनचे दोन-तीन हजार गेले असते. मी नाही थांबलो. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने ऑइलचं झाकण उघडून दाखवलं तर आतून दुधाच्या सायीसारखा पिवळट-पांढरा थर, कुलंट ऑइलमध्ये मिसळलेलं. २८,००० गेले आणि ते मी मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून काढले. म्हणून तापलेल्या इंजिनाबद्दल मी लोकांना इतकं कळकळीने सांगतो, आणि तुम्हालाही आधी हेच सांगेन की पंप बदलेपर्यंत ही गाडी चालवूच नका, डिचोली बाजारापर्यंतसुद्धा नाही.

बरं, पंपच गेलाय याची खात्री केलीत का? हे पैसे खर्च करण्याआधीचं काम आहे आणि फुकटचं आहे. सकाळी इंजिन थंडगार असताना बॉनेट उघडा, टॉर्च घ्या आणि पंपाच्या पुलीच्या मागे बघा. पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असतं, मुद्दाम ठेवलेलं, आतलं सील गेलं की कुलंट तिथून बाहेर येतं आणि सुकून त्याची पापडी धरते, भिंतीला मीठ फुटतं ना पावसाळ्यात, तशी. ती दिसली, किंवा पुली हाताने हलवल्यावर लटपटली, तर पंपच. नाही दिसली तर होजचा क्लॅम्प, रेडिएटरचं झाकण, रेडिएटर स्वतः, यातलं काहीही असू शकतं आणि क्लॅम्प किंवा झाकण निघालं तर काही शेकड्यांत भागतं. बाहेर कुठे ओलच नसेल आणि तरी कुलंट कमी होत असेल तर मात्र ऑइलचं झाकण उघडून बघा आणि मेकॅनिकला गाडीपाशी बोलवा, कारण मग ते आत जात असेल.

तुमच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. तुमच्या गाडीत ९९८ सीसीचं के१०बी इंजिन आहे, त्याला आतले भाग एका तालात फिरवणारी टायमिंग चेन असते आणि पंप बाहेरच्या बेल्टवर फिरतो. ज्या गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर असतो तिथे बेल्ट एक दात इकडेतिकडे बसला तरी इंजिनचं नुकसान होऊ शकतं, तशी गाडी असती तर मी इथेच नको म्हटलं असतं. तुमचं तसं नाही, म्हणून विचार करण्यासारखं आहे.

पण रविवारी नको. रविवारी स्पेअरची दुकानं बंद आणि दुपारी तीनला एखादा बोल्ट मोडला तर तुम्ही करणार काय? आणि आपल्याकडे बोल्ट मोडतात, ही दमट खारी हवा, दहा-बारा वर्षांचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसलेला, जोर लावला की डोकं हातात. मग लेथवाला, ड्रिल, नवीन आटे पाडणं, गाडी तीन-चार दिवस उभी आणि गुरुवारी आईची तारीख. तुम्ही जो हिशेब लिहून पाठवला त्यात आईची ही तारीख पैशात कुठेच धरलेली नाही. या गुरुवारी टॅक्सी करा, तुम्ही म्हणता जाऊन-येऊन दोनेक हजार घेतील, जाऊ देत. काम त्याच्या पुढच्या शनिवारी सकाळी सुरू करा म्हणजे दुकानं उघडी असतील आणि पुढच्या तारखेला हातात दिवस असतील. टॅक्सीचा खर्च गॅरेजला गाडी दिली असती तर कदाचित टळला असता, तोही तुमच्या बचतीतून वजा करा, मग उरतात ५००. हा आकडा बघून तुम्हाला गॅरेजच बरं वाटलं तर त्यात काहीही कमीपणा नाही. गॅरेजला दिलीत तर सोमवारी द्या, बुधवारी संध्याकाळी हातात हवी असं स्पष्ट बोला, बिल घ्या आणि कामाची गॅरंटी किती महिने ते त्या बिलावरच लिहून घ्या.

मला विचाराल तर मी तिसरीच वाट धरेन. ओळखीचा मेकॅनिक घरी बोलवायचा, सामान आपण बिलावर आणायचं आणि त्याच्या हाताखाली आपण काम करायचं. डिचोली-सांखळी भागात असं घरी येऊन करणारे आहेत, दीडेक हजारात तयार झाला तर एकूण ५,२०० होतात. हत्यारं त्याची, म्हणून उसनवारी नको, चुकीची शक्यता बरीच कमी, काम तुम्ही डोळ्यांनी बघता आणि तो बुधवारच्या आत आला तर टॅक्सीही नको. गॅरेजपेक्षा १,३०० कमी आणि काम शिकलात ते वेगळंच. सामान घेताना एक बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा जुन्या छापील किमतीवर अडून बसणाऱ्या दुकानदाराला बिल मागा. आणि पंप कंपनीचा किंवा नावाजलेल्या मेकचाच घ्या, चारशे रुपये कमी म्हणून बिननावाचा नको, तो वर्षात गळला तर मजुरी परत तुमचीच.

तरीही एकट्यानेच करायचं ठरलं तर पैशाच्या दृष्टीने ज्या जागा महाग पडतात त्या सांगतो, बाकी सर्व्हिस मॅन्युअल बघून करा. बोल्टांवर आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवा. पुलीचे बोल्ट बेल्ट चढलेला असतानाच थोडे ढिले करा, बेल्ट काढल्यावर पुली हातात गरगर फिरते आणि मग लोक पक्कड लावून ती वाकवतात. बोल्ट कमी-जास्त लांबीचे निघाले तर पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून ज्या जागेचा बोल्ट त्याच जागी टोचून ठेवा, लांब बोल्ट आखूड जागी गेला की आटे गेले. जुनं गॅस्केट खरवडायला सुरी घेऊ नका, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून गळणार. आवळताना टॉर्क रेंचच, हाताचा अंदाज नाही. कुलंट तयार मिळतं ते घ्या, नाहीतर निम्मं कुलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर, विहिरीचं पाणी अजिबात नको. भरून झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा, हीटर फुल गरमवर, रेडिएटरचा पंखा दोनदा लागेपर्यंत बुडबुडे येऊ द्या आणि पातळी खाली जाईल तसं भरत राहा, मग झाकण लावा. इंजिन एकदा तापलं की ते झाकण पुन्हा उघडायचं नाही, आत दाब असतो, तोंडावर उडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना पुन्हा पातळी बघा आणि पहिले चार-पाच दिवस फक्त गावातल्या गावात फिरवा, लगेच आईला घेऊन बांबोळी नको.

गाडीखाली जायची वेळ आली तर चिऱ्यांच्या किंवा मातीच्या अंगणात नुसत्या जॅकवर गाडी ठेवून जाऊ नका. कमावता माणूस तुम्ही एकटे आहात. आणि काढलेलं कुलंट विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका, त्यातलं ग्लायकॉल गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. बाटलीत भरून गॅरेजला द्या.

विम्याचं पण विचारलंय तुम्ही. पंप झिजून गेला तर विमा काही देत नाही, यंत्रातला बिघाड आणि झीज साध्या पॉलिसीत धरत नाहीत आणि तापलेली गाडी तशीच चालवून झालेलं पुढचं नुकसानही सहसा नाकारतात. फक्त रोडसाइड असिस्टन्स घेतलंय का ते बघा, टोचन त्यात मिळतं.

मेव्हण्याचं म्हणणं मी फार लांबवत नाही. साडेपाच लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण ८,८५० बसतो, एकूण व्याज १ लाख ९३ हजार. तुमचा घरखर्च आणि आईची औषधं जाऊन महिन्याला ७,००० उरतात असं तुम्हीच लिहिलंय, मग हा हप्ता येणार कुठून? ६,५०० च्या दुरुस्तीला घाबरून ८,८५० दर महिन्याला, तेही सात वर्षं, हे मला पटत नाही. गाडीचं रजिस्ट्रेशन २०२९ पर्यंत आहे, इंजिन-गिअरबॉक्स ठीक असेल तर तोपर्यंत ती ओढेल.

आणि आरडी मोडू नका. तीन वर्षं चार महिने झालेत, दरमहा २,००० प्रमाणे ८०,००० भरलेत, आता मोडली तर पोस्ट बचत खात्याच्या दराने म्हणजे ४ टक्क्यांनीच व्याज देईल. अगदीच नड आली तर त्याच आरडीवर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरावर २ टक्के जास्त. क्रेडिट कार्डची थकबाकी ठेवलीत तर वर्षाला ३६ ते ४२ टक्के लागतात, त्यामानाने हे कितीतरी स्वस्त. पण तुम्हाला यातलं काहीच लागणार नाही, ५,२०० या महिन्याच्या उरलेल्या ७,००० मधून निघतात. पुढच्या महिन्यापासून दर पगाराला १,००० गाडीच्या नावाने वेगळ्या खात्यात टाका, टायर, बॅटरी, क्लच, काहीतरी येणारच आहे आणि २०२९ ला रजिस्ट्रेशन वाढवायची फीसुद्धा.

आज संध्याकाळी एवढंच करा, त्या मेकॅनिकला फोन करून विचारा की मंगळवार-बुधवारी येतो का. नाही म्हणाला तर गुरुवारची टॅक्सी लगेच सांगून ठेवा. आणि उद्या सकाळी इंजिन थंड असताना पुलीमागचा एक फोटो काढून मला पाठवा, पापडी दिसते का ते बघू.