पक्ष्यांसाठी ठेवलेली फळं रात्रीत कोण संपवतं? उंदीर असतील तर औषध घालू का?

औषध घालू नका. बाकीचं सगळं नंतर.

तुम्ही लिहिलंय की बोरिवलीत तळमजल्याला बाग आहे, झाडाला टांगलेल्या ताटलीतली पपई-केळी रात्रीत गायब होतात, ताटली कधी उलटी पडलेली असते आणि शेजारी म्हणतात उंदीरच. शेजारी असंच म्हणणार. मुंबईत रात्री हलेल तो उंदीर, जरा मोठा दिसला तर घूस. तिसरा प्राणी आपल्याला माहीतच नसतो.

मी मुलुंड पश्चिमेला राहते, डोंगराच्या अंगाला. आमच्याकडेही हेच चाललं होतं. पेरूच्या फांदीला मातीची ताटली, तीत पपईची फोड, नाहीतर पिकून काळं पडलेलं केळं. दिवसा बुलबुल, तांबट, खारी. सकाळी बघावं तर ताटली चाटूनपुसून स्वच्छ, पपईची बीसुद्धा शिल्लक नाही. आमच्या वर एक काका राहतात, कमिटीत आहेत, नाव कशाला घ्या. त्यांनी बागेत पाऊल न टाकता गॅलरीतूनच निकाल दिला: घूस. अहो, घूस जमीन पोखरते, भिंतीखाली बिळं करून मातीचे ढीग बाहेर काढते. अधांतरी लोंबणाऱ्या ताटलीतून केळं खायला ती काय सर्कशीतली आहे?

खरा पत्ता लागला तो कंपाउंडच्या भिंतीवर. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण पुरावा विष्ठेतच असतो. उंदराच्या लेंड्या बारीक, घुशीच्या थोड्या मोठ्या, आणि दोघंही कुरतडून खाणारे, त्यामुळे त्यांत मोठी अख्खी बी मिळत नाही. आमच्या भिंतीवर पुन्हा पुन्हा त्याच कोपऱ्यात बोटाएवढ्या लांब गुंडाळ्या असायच्या. काडीने फोडून बघितलं तर आत भेरली माडाच्या बिया, जशाच्या तशा, धुतल्यासारख्या. शेजारच्या सोसायटीत शोभेसाठी लावलेले भेरली माड आहेत, त्यांचे घोस तेव्हा पिकले होते.

मग वॉचमनला गाठून पार्किंगच्या कॅमेऱ्याचं फुटेज बघितलं. भिंतीवरून एक लांबुडकं जनावर खाली मान घालून सावकाश येतं. अंगाइतकीच लांब शेपूट, तोंडावर काळा मुखवटा. फांदीवर चढून मागच्या पायांनी घट्ट धरतं, अर्धं अंग खाली सोडतं आणि फोड उचलून पुन्हा वर. उदमांजर! कोकणात ज्याला कांडेचोर म्हणतात तेच. दोन ते पाच किलोचं, निशाचर, मुख्यतः फळांवर जगणारं. संजय गांधी उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याच्या कडेलाच आपण राहतो, तेव्हा पाहुणे येणारच. शिवाय जंगलापासून लांबच्या वस्तीतही ते जुन्या घरांच्या माळ्यावर, झाडांच्या ढोलीत बिनबोभाट राहतं.

हे फुटेज मी मीटिंगमध्ये दाखवलं. काका म्हणाले, मांजर आहे कुणाचं तरी. पपई खाणारं मांजर मी तरी पाहिलेलं नाही. मग म्हणाले, हा तर मसण्याऊद, प्रेतं उकरतो, अशुभ. तेही पटेना म्हटल्यावर म्हणाले की २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्री टाकून बंद केला, म्हणजे पक्ष्यांना खायला घालायला बंदीच आहे. कुठला विषय कुठे! कबुतरांपुढे पोत्याने दाणे ओतणं मलाही मान्य नाही, त्या धुळीने फुप्फुसं खराब होतात. पण बुलबुलासाठी ठेवलेली पपईची फोड म्हणजे कबुतरखाना नव्हे.

औषध घालायचा ठराव झाला आणि चाफ्याखाली उंदीरमार औषधाच्या गुलाबी वड्या पडल्या. त्यानंतर काही दिवसांनी पार्किंगमध्ये एक गव्हाणी घुबड मरून पडलेलं सापडलं. त्या वड्यांनीच मेलं हे मला सिद्ध करता येणार नाही. पण हल्लीची बरीचशी उंदीरमार औषधं रक्त गोठू देत नाहीत. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरत राहतो आणि घुबडाला आयता सापडतो. म्हणजे रोज रात्री फुकट उंदीर मारणाऱ्यालाच आपण मारायचं, वर पेस्ट कंट्रोलचं बिल मेंटेनन्समधून भरायचं. उदमांजराने वडी खाल्ली तर कायद्याचं लफडं वेगळंच, ते १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं.

तुमच्याकडे उदमांजरच येतं असं मी म्हणत नाही. ताटलीखाली चोखून थुंकलेले चोथ्याचे गोळे दिसले तर वटवाघूळ. ताटली न हलता खाली सांडलेल्यापाशी चिकचिक आवाज आणि उग्र वास असेल तर चिचुंदरी, तिला तर मुळीच मारू नका. ती उंदरांच्या जातीची नाही, झुरळं-किडे खाते. पिल्लं बाहेर काढते तेव्हा प्रत्येक पिल्लू पुढच्याची शेपटीकडची बाजू तोंडात धरतं आणि अख्खी रांग एका दोरीसारखी भिंतीकडेने सरकते. एकदा बघा, मग झाडू उचलायला हात धजणार नाही.

आता उंदीर असतीलच तर. असतात, मी नाकारत नाही, आणि पावसाळ्यात लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची) भीती खरी आहे. दोन दातांच्या जोडखुणा आणि बारीक लेंड्या दिसल्या तर दिवेलागणीला ताटली आत घ्या, खाली सांडलेलं झाडून काढा, हातमोजे घालून. खायला मिळेनासं झालं की उंदीर कमी होतात, नुसत्या औषधाने जुने मरतात आणि नवे येतात. फीडर कुठला घ्यावा असंही विचारलंय तुम्ही. कुठलाही घ्या, उदमांजर केबलवरूनही चालतं, त्याला कसला फीडर अडवणार!

तसं जंगली जनावराला आपल्या खाण्याची सवय लावू नये, हे बरोबरच आहे. म्हणून मुद्दाम त्याच्यासाठी काही ठेवू नका, दूधभात तर नाहीच. मी ठेवत नाही. पण पक्ष्यांचं एखादं केळं उरलं तर ते उचलायला रात्री बाहेरही जात नाही.

आणि माळ्यावर पिल्लं सापडली तर हात लावू नका. आई चावते, आणि अशा जंगली सस्तन प्राण्याचा चावा म्हटला की रेबीजची इंजेक्शनं आलीच. पिल्लांना धोका वाटत असेल तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. आधी कमिटीची परवानगी काढत बसू नका.