वडिलांच्या घराचं भाडं तिघांचं, मग रिटर्न एकट्याचं कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावातल्या शहापूरचं घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलं, मृत्युपत्र न करता ते गेले. तळमजल्यावर मागच्या बाजूला आई राहते. माडीवर कॉलेजची मुलं आहेत, त्यांचं भाडं 9,000. पुढच्या गाळ्याचं 15,000. दोन्ही भाडी तुमच्या पुण्याच्या खात्यावर येतात. यंदा 40,000 घालून घराला रंग दिला. आता हे सगळं भाडं तुमच्या पगारात मिळवायचं का, आणि रंगाचा खर्च वजा होतो का?

पहिल्या प्रश्नातच सगळं आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. भाडं कुणाच्या खात्यावर येतं हे आयकर बघत नाही, घर कुणाचं ते बघतो. आजी, म्हणजे वडिलांच्या आई, हयात नाहीत असं धरतो. मग हिंदू वारसा कायद्याने आई, तुम्ही आणि बहीण, तिघांचा सारखा हिस्सा. उताऱ्यावर अजून वडिलांचंच नाव असलं तरी भाड्याचं उत्पन्न तिघांत विभागूनच दाखवायचं. (घर वडिलोपार्जित असतं तर हिस्से वेगळे पडले असते. ते वकिलाला कागद दाखवूनच ठरवावं लागतं.)

आता हिशेब. वर्षाचं भाडं 2,88,000. भाड्याने दिलेल्या भागाची घरपट्टी 8,000 भरली असं समजा, राहिले 2,80,000. त्यातून सरसकट 30 टक्के म्हणजे 84,000 वजा. उरले 1,96,000. प्रत्येकाच्या वाट्याला 65,333.

तुमचा पगार 12 लाख म्हणालात. नव्या करपद्धतीत 75,000 प्रमाणित वजावट गेली की 11,25,000. त्यात 65,333 मिळवले की 11,90,333. 2025-26 या आर्थिक वर्षासाठी 12 लाखांपर्यंत करसवलत आहे, म्हणजे कर शून्य. तेच पूर्ण 1,96,000 एकट्याने दाखवले तर उत्पन्न 13,21,000 होतं आणि उपकरासह 81,276 रुपये कर बसतो. जो तुमचा नाहीच, तो कर तुम्ही भरणार होतात. फक्त बँकेचं व्याज वगैरे विसरू नका, 12 लाखांच्या आत आता 9,667 रुपयांचीच जागा आहे. आईचं दुसरं उत्पन्न फारसं नसेल तर 4 लाखांच्या आत त्यांना करच नाही.

हे मी पोटतिडकीने सांगतोय, कारण आमच्या घरी हे झालंय. वडगावात रस्त्यालगतची आमची जागा एका कंपनीला महिना 60,000 ने दिली होती. जागा दोघा भावांची, पण करारावर पॅन फक्त थोरल्याचा. वर्षाअखेरीला फॉर्म 26एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, काढला तर 7,20,000 भाडं आणि 72,000 टीडीएस (कंपनीने भाड्यातून आधीच कापलेला कर), सगळं त्याच्याच नावावर. आम्ही रिटर्न निम्मंनिम्मं भरलं, मग थोरल्याला नोटीस आली. खरेदीखत, बँकेचे उतारे जोडून उत्तर देण्यात चार महिने गेले. पुढच्या वर्षी कंपनीला दोघांचे पॅन आणि हिस्सा लिहून दिला, तेव्हा कुठे टीडीएस वेगवेगळा कापायला लागले. तुमच्या गाळ्याचं भाडं महिना 50,000 च्या आत आहे, त्यामुळे टीडीएसचा प्रश्न आज नाही. तरी पुढचा भाडेकरार करताना तिघांची नावं घाला, आणि वंशावळ काढून वारसा नोंद आणि ई-खाते (कर्नाटकातली मिळकतीची ऑनलाइन मालकी नोंद) करून घ्या.

रंगाचे 40,000 वजा होत नाहीत. छप्पर गळलं, नळ बदलले, एजंटाला कमिशन दिलं, तरी नाही. तो 30 टक्क्यांचा आकडा याच सगळ्यासाठी आहे. एक रुपया खर्च केला नाही तरी तो पूर्ण मिळतो आणि लाखभर घातले तरी वाढत नाही.

घरपट्टीचं मात्र नीट बघा. ती मालकाने भरलेली हवी आणि त्याच वर्षात भरलेली हवी. मागची दोन वर्षांची थकबाकी यंदा महापालिकेत भरली तर सगळी यंदाच वजा होते, आणि नुसती मागणीची नोटीस आली असेल तर काहीच नाही. पावती कन्नडमध्ये असली तरी बिघडत नाही, पण वर्ष, रक्कम आणि मिळकत क्रमांक तपासून फोटो काढून ठेवा. घर कर्नाटकात आणि तुम्ही महाराष्ट्रात, यानेही काही बदलत नाही. आयकर केंद्राचा आहे.

डिपॉझिट परत द्यायचं असतं, ते उत्पन्न नाही. थकलेल्या भाड्यात त्यातलं काही वळतं केलं तर तेवढं भाडं धरायचं. घरावर कर्ज असतं तर भाड्याच्या भागाचं व्याजही वजा झालं असतं, पण नव्या पद्धतीत त्यातून होणारा तोटा पगारातून वळता करता येत नाही. आणि खानापूर रोडचा मोकळा प्लॉट कुणाला गाड्या लावायला द्यायचा विचार आहे असं शेवटी लिहिलंय, तर ते भाडं 'इतर उत्पन्न' ठरतं. तिथे 30 टक्के मिळत नाहीत.

एक काम याच महिन्यात करा. आई आणि ताईंच्या हिश्शाची रक्कम दर महिन्याला त्यांच्या खात्यावर पाठवायला सुरुवात करा. कायद्याने हिस्सा त्यांचा आहेच, पण उद्या कुणी विचारलं तर बँकेचा उतारा दाखवता येईल, आणि आईंना औषधाच्या पैशांसाठी तुम्हाला फोन करावा लागणार नाही.