अन्ननलिकेत जठराचे अस्तर कसे?

प्रश्न : घशात काहीतरी अडकल्यासारखे सतत वाटते, म्हणून माझी एंडोस्कोपी करण्यात आली. अन्ननलिकेच्या अगदी वरच्या भागात 'इनलेट पॅच' असून बायोप्सीत तेथे जठराचे अस्तर आढळले, असे अहवालात म्हटले आहे. हे अस्तर एवढ्या वर कसे सरकले? याचा पुढे कर्करोग होईल का?

उत्तर : हे अस्तर वर सरकलेले नाही, बहुधा ते जन्मापासूनच तेथे आहे. गर्भावस्थेत अन्ननलिकेच्या आतील स्तंभाकार पेशींची जागा चपट्या पेशी घेतात. हा बदल मध्यभागी सुरू होऊन दोन्ही टोकांकडे पसरतो आणि वरचे टोक सर्वांत शेवटी बदलत असल्यामुळे तेथे एखादा तुकडा मागे राहून जातो, असे सामान्यतः मानले जाते. दुर्बिणीतून पाहताना सभोवतालच्या फिकट अस्तरात हा मखमली, लालसर-नारिंगी चट्टा स्पष्ट कडांनी उठून दिसतो. मात्र गिळण्याच्या झडपेलगतच्या या भागातून दुर्बीण झटकन पुढे जाते, त्यामुळे तो पुष्कळदा नजरेतून सुटतो. तुमच्या डॉक्टरांनी तो टिपला, हे चांगलेच झाले. याचे पहिले वर्णन १८०५ सालचे आहे, म्हणजे हा काही नवा आजार नव्हे.

बहुतेकांना याचा आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. काहींच्या चट्ट्यातून मात्र आम्ल किंवा चिकट स्राव पाझरतो आणि त्यामुळे तुम्ही लिहिता तशी घशात गोळा असल्याची भावना, वारंवार खाकरणे, खोकला किंवा आवाज बसणे संभवते. तरीही चट्टा सापडला म्हणून दोष त्याचाच, असे लगेच धरू नये. जठरातील आम्ल वर येणे आणि घशाचे इतर विकार आधी तपासून घ्यावेत. कर्करोगाची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे, पण ती अत्यंत विरळ. जठरातील आम्ल वारंवार वर येऊन अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे अस्तर बदलते, तो 'बॅरेट' हा विकार वेगळा असून या दोहोंची गल्लत होऊ देऊ नका.

त्रास नसेल तर उपचार लागत नाहीत. तुम्हाला लक्षणे असल्याने डॉक्टर काही आठवडे आम्ल कमी करणारी औषधे देऊन पाहतील. त्यांनी गुण आला नाही आणि त्रास चट्ट्यामुळेच आहे असे वाटले, तर तो दुर्बिणीतूनच आर्गॉन वायूच्या साहाय्याने जाळता येतो. घास अडकू लागला, गिळताना दुखले, रक्ताची उलटी झाली किंवा कारणाशिवाय वजन घटले, तर मात्र पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.