घोडं नाचवणं राहू दे, आधी लीद बघायला शिक

भाऊ, तू विचारलंस की सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे नाचवणारी पोरं पाहिली, आता शहाद्याकडच्या एका मालकाकडे मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा, म्हणून लागायचंय, तर आधी काय शिकू? नाचवणं हे चाबूकस्वाराचं, म्हणजे घोडं शिकवणाऱ्याचं काम. दत्तजयंतीची यात्रा वर्षातून एकदा, बाकी दिवस तुझ्या हातात फावडं, खरारा (अंग घासायची फणी) आणि तोबरा (दाणा चारायची पिशवी).

पहाटे पागेत शिरलास की आधी लीद बघ. रात्रीत किती पडली, गोळे बांधलेत का, आख्खे दाणे दिसतात का. घोड्याला ओकता येत नाही आणि जठर लहान, म्हणून एकदम जास्त चंदी (दाण्याचा खुराक) घातली की पोटशूळ ठरलेला. लीद बंद, वळून वळून कुशीकडे बघणं, पुढच्या पायाने जमीन उकरणं, लोळणं, असं दिसलं की चारा-चंदी उचल आणि डॉक्टरला फोन लाव. काढे तोंडात ओतू नकोस, ते फुप्फुसात जातात. आपल्याकडे हा उद्योग फार चालतो.

चंदी थोडी थोडी, दिवसातून दोन-तीनदा द्यायची. पोट भरायचं ते गवत-कडब्यावर. चारा बदलायचा तर आठवडाभर मिसळत जा. कोंबडीखाद्याचं पोतं पागेत ठेवूच नकोस. त्यात मोनेन्सिन हे कोंबड्यांचं औषध असू शकतं. ते घोड्याच्या हृदयावर जातं. पाणी रोज 25-40 लिटर, मे महिन्यात त्याहून जास्त.

खूर रोज साफ कर, टाचेकडून पुढे. खिळा रुतला तर धनुर्वाताचं इंजेक्शन लागतंच. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी.

नाकातून घट्ट, चिकट स्राव आणि कातडीवर गाठी-फोड दिसले तर ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची शंका घे. तो माणसालाही होतो. घोडं वेगळं बांध, हातमोजे-मास्क घाल, सरकारी पशुवैद्यकाला कळव. पक्कं निदान झालं तर जनावर मारावं लागतं, म्हणून मालक लपवतात. तू लपवू नकोस, नाक पुसायला तूच जवळ असतोस.

लग्नाच्या घोडीवर लागलास तर ऐन उन्हात डीजे आणि फटाके. शौकिनाच्या पागेत मेहनत तेवढीच, पण जनावराची झोप होते. मला विचारशील तर सुरुवात तिथे कर.

पगाराचं बोलण्याआधी मालकाला एवढंच विचार: रात्री दोनला घोडं लोळायला लागलं तर डॉक्टरला मी परस्पर बोलवू का? ‘सकाळी बघू’ म्हणाला तर दुसरी पागा शोध.