लाइपझिगला जाण्याआधी काय वाचशील

ऑक्टोबरमध्ये लाइपझिगला नोकरीवर रुजू व्हायचंय, हातात जेमतेम तीन महिने आहेत, आणि मुलुंड ते काळा घोडा असा जर्मनच्या क्लासचा प्रवास सांभाळून जर्मनीचा इतिहास आणि तिथलं रोजचं जगणं समजेल अशी चार पुस्तकं सांग, असं तू विचारलंयस. पर्यटनाची नकोत आणि ‘जर्मन माणसांत कसं वागावं’ छापाचीही नकोत, ही तुझी अट मला फार आवडली. तसल्या पुस्तकांत वक्तशीरपणा, बिअर आणि कचऱ्याचे रंगीत डबे यापलीकडे काही नसतं. डब्यांचं शिक्षण तर शेजारच्या आजीबाई पहिल्याच आठवड्यात फुकट देतात.

मराठी वाचणाऱ्या घरात जर्मनी म्हणजे वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’. आमच्या पार्ल्याच्या घरीही ते होतं. वाचलं नसशील तर जरूर वाच, दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी कर. पण आपली गोची अशी की आपल्या डोक्यातला जर्मनी 1945 ला संपतो. तुला ऑफिसात आणि जिन्यात भेटणारी माणसं त्यानंतर घडली आहेत, आणि लाइपझिग पूर्व जर्मनीत होतं, त्यामुळे तिथली तर 1989 मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर पुन्हा एकदा. म्हणून माझी यादी जाणूनबुजून 1945 नंतरच्या काळाकडे झुकलेली आहे.

ओघात आलंच म्हणून सांगते. फाउंटनच्या फूटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र मॅनेजमेंटच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं, ते आपल्याला खटकतही नाही. जर्मनीत ते पुस्तक 2016 मध्ये पुन्हा छापलं गेलं तेव्हा इतिहासकारांच्या साडेतीन हजार टिपांसह, दोन जाडजूड खंडांत. ‘माणूस शिस्तीचा होता हो’ हे आपल्याकडचं वाक्य तिथे गमतीतही तोंडातून काढू नकोस. आणि दारावर लावायचा स्वस्तिकाचा स्टिकर आई बॅगेत घालेल, तो देवघरातच राहू दे.

1945 च्या आधीचं एकच पुस्तक सांगते, सेबास्टियान हाफनरचं ‘डिफाइंग हिटलर’. त्याने ते 1939 मध्ये इंग्लंडात आश्रय घेतलेला असताना लिहिलं. ते तसंच पडून राहिलं आणि तो वारल्यावर 2000 साली छापलं गेलं. नोव्हेंबर 1923 मध्ये एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडत होते, हा आकडा कुठल्याही इतिहासात सापडेल. हाफनर त्याच्या घरात काय चाललं होतं ते सांगतो. वडील मोठे सरकारी अधिकारी. पगार हातात पडला की सगळं कुटुंब पहाटे घाऊक बाजारात जायचं, महिनाभर टिकेल ते सगळं एकदम भरायचं, आणि पुढचा महिना घरात पैसा नाही. पुढे 1933 चा प्रसंग आहे. हा तरुण वकील न्यायालयाच्या ग्रंथालयात वाचत बसलेला असताना हिटलरचे गणवेशधारी आत घुसतात आणि एक जण विचारतो, तुम्ही आर्य का? विचार करायच्या आत हा ‘हो’ म्हणून जातो, आणि मग त्या ‘हो’ची त्याला लाज वाटते. हुकूमशाही सभ्य माणसाच्या घरात कशी शिरते हे मला या दोन पानांतून जेवढं कळलं तेवढं जाडजूड ग्रंथांतून कळलं नाही.

नील मॅकग्रेगरचं ‘जर्मनी: मेमरीज ऑफ अ नेशन’ लोकलमध्ये वाचायला उत्तम. प्रकरणं छोटी, प्रत्येक वस्तूमागे एक गोष्ट. सॉसेज, लोहक्रॉसचं लष्करी पदक, निर्वासितांची हातगाडी. जर्मनी हा देश म्हणून 1871 मध्ये एक झाला आणि त्याआधी असंख्य संस्थानांत विखुरलेला होता, हे त्यातून सहज मुरतं. कोणत्याही जर्मन माणसाला त्याच्या गावच्या सॉसेजबद्दल विचारून बघ, ते अजून तसंच आहे.

युद्धानंतरच्या दहा वर्षांसाठी हाराल्ड येनरचं ‘आफ्टरमाथ’ घे. 1945 च्या उन्हाळ्यात तिथली निम्म्याहून जास्त माणसं आपापल्या घरी नव्हती. पूर्वेकडून हाकलून दिलेले जर्मनच सुमारे 1 कोटी 20 लाख, आणि पश्चिमेकडच्या गावांनी आपल्याच भाषेच्या या माणसांचं अजिबात प्रेमाने स्वागत केलं नाही. उल्हासनगर कसं वसलं हे ऐकत वाढलेल्या मुलुंडच्या मुलीला हे वेगळं समजवायला नको. कोलोनचे आर्चबिशप फ्रिंग्स 1946 च्या वर्षअखेरच्या प्रवचनात म्हणाले की जगण्यापुरतं लागणारं दुसऱ्या मार्गाने मिळत नसेल तर घेतलेलं चालेल. लोकांनी मग मालगाड्यांवरचा कोळसा निर्धास्त उचलला. नियमांचा देश म्हणून ज्यांची ख्याती, त्यांच्या आज्या-पणज्यांनी हे केलंय. एखाद्या कडक शेजाऱ्याचा राग येईल तेव्हा हे आठव, बरं वाटतं.

आता खास तुझं शहर. ॲना फंडर ही ऑस्ट्रेलियन लेखिका. तिचं ‘स्टासीलँड’ 2003 च्या सुमाराचं, पण अजून तोडीचं दुसरं नाही. पूर्व जर्मनीची लोकसंख्या सुमारे 1.6 कोटी आणि गुप्त पोलिसांचे, म्हणजे स्टासीचे, पगारी नोकर अखेरीस 91 हजार, वर दीड लाखाहून जास्त खबरे. पुस्तकाच्या मध्यभागी लाइपझिगची एक मुलगी आहे. 1968 मध्ये सरकारने विद्यापीठाचं जुनं चर्च सुरुंग लावून पाडलं, त्या वातावरणात तिने पत्रकं काढली आणि पकडली गेली. सोळा वर्षांची. मग ती बर्लिनची भिंत चढायला निघाली. पुढचं सांगत नाही. आउगुस्टुसप्लाट्झला ट्रॅम बदलशील तेव्हा समोर चर्चच्या आकाराची एक काचेची आधुनिक इमारत दिसेल, ती त्याच जागेवर उभी आहे. गुप्त पोलिसांची कचेरी ‘रुंडे एके’ तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. आता तिथे संग्रहालय आहे. संशयितांचा वास फडक्यात टिपून काचेच्या बरण्यांत भरून ठेवायचे, त्या बरण्या तिथे बघ.

फक्त ‘स्टासीलँड’ वाचून आलीस तर मात्र पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक सहकाऱ्याकडे संशयाने बघशील. म्हणून लगेच कात्या होयरचं ‘बियाँड द वॉल’ वाच. ती स्वतः 1985 मध्ये पूर्व जर्मनीत जन्मली. 2023 मध्ये पुस्तक आल्यावर जर्मनीत टीका झाली की हुकूमशाहीला फारच सौम्यपणे घेतलंय. टीकेत थोडं तथ्य आहे, तरी मी शिफारस करतेच, कारण तिथे लोक शाळेत गेले, लग्नं केली, सुट्टीला बाल्टिक समुद्रावर गेले, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. एक धागा कॉफीचा. 1977 मध्ये कॉफी महागली तेव्हा सरकारने निम्मी भेसळ असलेली कॉफी विकायला काढली, लोक भडकले, आणि पुढे व्हिएतनाममध्ये कॉफीची लागवड वाढवायला पैसा ओतला गेला. व्हिएतनामी कामगारही हजारोंनी पूर्व जर्मनीत आले. त्यांतले बरेच राहिले. आज लाइपझिगमध्ये मला कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या व्हिएतनामी दुकानात मिळतात.

1990 मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्यावर काय झालं हे तुला गिरणगावावरून कळेल. पूर्वेकडचे सरकारी मालकीचे सुमारे साडेआठ हजार उद्योग आणि त्यांतले 40 लाख कामगार एका संस्थेच्या हवाली झाले. तिने ते विकले नाहीतर बंद केले. पश्चिमेचे साहेब आले, चाळिशीतली माणसं घरी बसली. लाइपझिगच्या प्लागविट्झ भागात 1884 ची कापूसगिरणी आहे, एके काळी युरोप खंडातली सगळ्यात मोठी. आज तिच्यात चित्रकारांचे स्टुडिओ आणि गॅलऱ्या आहेत. लोअर परळच्या मॉलमध्ये धुरांडं बघितलेल्या कुणालाही तिथे उभं राहिल्यावर ओळखीचं वाटेल. तेव्हा निघण्याआधी मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ वाचून ये. 1982 च्या संपाबद्दल नीट सांगता आलं की तिथली जुनी माणसं आपलं सांगायला लागतात. माझा अनुभव असा की हवामानावर बोलून कुणी मोकळं होत नाही.

पुस्तकं विकत घेऊन 23 किलोच्या बॅगेत कोंबू नकोस. काळा घोड्याला जातेसच तर मॅक्स म्युलर भवनच्या ग्रंथालयाचं सदस्यत्व घे. मॅकग्रेगर तेवढं विकत घे, कारण चित्रं फोनवर बघण्यात मजा नाही. आल्यावर शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाचं कार्ड काढ, इंग्रजी पुस्तकंही आहेत. जर्मन जरा बसलं की बुंडेसझेंट्राले फ्युअर पोलिटिशे बिल्डुंग या सरकारी संस्थेची यादी चाळ. नागरिकांना राजकारण-इतिहास कळावा म्हणून ती चांगली पुस्तकं अगदी थोड्या युरोंत विकते. नवी जर्मन पुस्तकं दुकानात स्वस्त मिळतील म्हणून फिरू नकोस, कायद्यानेच किंमत सगळीकडे सारखी असते.

रस्त्यात पितळी चौकोन दिसतील, दहा-दहा सेंटिमीटरचे, फरशीत बसवलेले. प्रत्येकावर त्या घरात राहणाऱ्या एका माणसाचं नाव, जन्मसाल, नाझींनी कधी नेलं, कुठे मारलं. तुझ्या इमारतीसमोर आहे का बघ, आणि असेल तर नाव वाच.

तू ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत पोचतेयस ना? 3 तारखेला एकीकरण दिनाची सुट्टी, दुकानं बंद. 9 तारखेला संध्याकाळी मात्र मोकळी राहा. 1989 मध्ये त्या दिवशी सत्तर हजार लोक राजवटीविरुद्ध निकोलाय चर्चच्या परिसरातून रिंगरोडवर चालत निघाले होते आणि पोलिसांनी गोळी चालवली नाही. त्याची आठवण म्हणून दिव्यांचा कार्यक्रम असतो, बहुतेक वेळा आउगुस्टुसप्लाट्झवर. मी असतेच, भेटू. दूध, ब्रेड आणि अंडी मात्र 2 तारखेलाच भरून ठेव.