जिनमधल्या 'बोटॅनिकल्स'ना काय म्हणावं?

गोव्याहून आणलेल्या जिनच्या बाटलीवर 'बोटॅनिकल्स' (म्हणजे या मद्याला गंध देणारी फळं, बिया, साली वगैरे) वाचून एका मित्राने विचारलं, याला मराठीत 'जडीबुटी' चालेल का?

माझं मत : नको. जडीबुटी म्हटलं की साधूची झोळी दिसते आणि 'काष्ठौषधी' म्हटलं की काढा. 'वनस्पतिजन्य घटक' बरोबर आहे, पण तो सरकारी परिपत्रकात शोभेल. 'मसाला' मला जवळचा वाटला होता. गोव्यातल्याच 'स्ट्रेंजर अँड सन्स' या जिनमध्ये काळी मिरी, जायपत्री, धणे, ज्येष्ठमध असं सगळं आहे, निम्मा मसाल्याचा डबाच म्हणा ना. पण लिंबाच्या सालीला मसाला कोण म्हणेल?

मित्राची बाटली 'हपुसा' होती. हे नावच मुळात एका जिन्नसाचं. जिनमध्ये जुनिपर या सूचिपर्णी झुडपाचं फळ हवंच, त्याशिवाय ती जिन नाही. 'जिन' हा शब्दही डच 'जेनेव्हर'मधून आला, म्हणजे मुळात लॅटिन 'जुनिपेरस'. आणि जुनिपरला संस्कृतात म्हणतात हपुषा. त्यामुळे 'हपुसा जिन' म्हणजे 'पिवळा पीतांबर'! यात हिमालयातला जुनिपर, हळद, आंबा आणि गंधराजही आहे. हा बंगाली 'गोंधोराज', म्हणजे लिंबू. कुणी अनंताचं फूल समजू नये.

आम्ही ती आधी काही न मिसळता, मग चमचाभर पाणी घालून घेतली. पेला नाकाशी नेला तर आधी राळेसारखा वास, मागून ओल्या हळदीचा. घोट घेतल्यावर मात्र जिभेला कडवटपणा आणि घशाला चटका, बाकी फारसं काही नाही. मित्र म्हणाला, "चवीला काहीच नाही रे, सगळं नाकातच आहे."

उत्तर तिथेच मिळालं. आपल्या पाककृती नीट वाचा : मीठ 'चवीपुरतं' असतं आणि वेलची 'स्वादासाठी'. कुणी 'स्वादापुरतं मीठ' लिहीत नाही. चव जिभेची, स्वाद नाकाजिभेचा मिळून. संस्कृतात स्वाद म्हणजे चवच, पण मराठी स्वयंपाकघराने दोघांत वाटणी करून टाकली. जिन गाळताना ही फळं, बिया, साली मद्यार्कात मुरत ठेवतात किंवा वाफेच्या वाटेवर टांगतात. वाफेबरोबर वर चढतात ती सुगंधी तेलं. हळदीचा रंग मागेच राहतो, म्हणून जिन पाण्यासारखी नितळ.

तेव्हा मी म्हणेन 'स्वादाचे जिन्नस'. एकदा संदर्भ कळला की नुसतं 'जिन्नस' पुरे. 'या जिनमध्ये कोणते जिन्नस आहेत?' हे कानालाही गोड लागतं. मात्र दोन्ही शब्दांचं नातं जोडायला जाऊ नका. जिन्नस आला अरबी 'जिन्स'वरून, फारसीमार्गे. जिनशी त्याचा काही संबंध नाही, आणि विजारीशी तर नाहीच नाही.